निर्गुडीचा पाला आणि पेंगणारा उंदीर

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी मी निर्गुडी निवडली, त्याचे कारण घरातलेच होते. आजीचे गुडघे धरले की तव्यावर गरम केलेला निर्गुडीचा पाला फडक्यात बांधून तिला शेक दिला जाई. सिंहगडाच्या पायथ्याहून आणलेली पाने, बहुतेक पाच दलांची आणि खालून पांढुरकी, मी सावलीत वाळवली, एक डहाळी कोरेगाव पार्कजवळच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत नेऊन ओळख पटवून घेतली आणि मग भुकटीचा सॉक्सलेट उपकरणात मिथेनॉलने अर्क काढला.

पहिली चाचणी वेदनेची होती. ०.६ टक्के ॲसेटिक आम्ल पोटात टोचले की उंदीर अंग ताणतो, पोट आक्रसतो आणि मागचे पाय लांब करतो. असे आळोखेपिळोखे किती वेळा होतात ते मोजायचे. अर्क दिलेल्या उंदरांत ते बरेच कमी झालेले पाहून मी हुरळून गेलो, तेव्हा मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, "दुखणं थांबलंय, की उंदीर पेंगतोय?"

प्रश्न बिनतोड होता. वेदनेच्या दुसऱ्या चाचणीत, ५५ अंशांच्या तापलेल्या पट्टीवर, पंजा चाटणे किंवा उडी मारणे यालाही उंदीर जागा असावा लागतो. म्हणून प्रकाशकिरण तोडण्यावरून हालचाल मोजणाऱ्या ॲक्टोफोटोमीटरमध्ये त्यांना सोडले. लहान मात्रेचे उंदीर नुसते पाणी दिलेल्यांसारखेच फिरत होते, मोठ्या मात्रेचे मात्र कोपऱ्यात गोळा होऊन बसले. प्रबंधात वेदनाशमनाचा दावा मी लहान मात्रेपुरताच केला. पेंटोबार्बिटल या झोपेच्या औषधाने आलेली झोप अर्कामुळे लांबली, तरी अर्काने पेंग येते याचा पुरावा म्हणून त्यावर मी विसंबलो नाही. यकृतातील विकरे (एन्झाइम) मंदावली तर औषध शरीरात जास्त वेळ टिकते आणि झोप त्यामुळेही लांबते.

सुजेच्या चाचणीत ही अडचण नव्हती, कारण तिथे वागणूक नव्हे, तर पंजाचे घनफळ मोजले जाते. रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, तळपायात सूज आणणारे १ टक्का कॅराजीनन टोचले की शरीरातली रसायने, आधी हिस्टामिन आणि सेरोटोनिन, नंतर प्रोस्टाग्लँडिने, सूज वाढवतात. घनफळ मोजायला पंजा द्रवाच्या नळीत दर वेळी घोट्यावरच्या एकाच खुणेपर्यंत बुडवावा लागतो. माझी शाईची खूण तिसऱ्या तासाला धुऊन गेली, अंदाजाने बुडवलेल्या पायांचे आकडे वर-खाली झाले आणि तो अख्खा गट मला बाद करावा लागला. नवे सहा रॅट मागायला प्राणी नीतिमत्ता समितीपुढे पुन्हा उभे राहताना कारणाच्या रकान्यात मी लिहिले: शाई पुसली गेली.