पुरात अडकलेला पॅटर्न आणि उद्यमबागेतील ओळखी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या शिरोलीजवळ महामार्गावर चढले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली, त्या वेळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आमच्या मशिनशॉपमध्ये पंपबॉडीचे एकही कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला कच्चा भाग, शिल्लक नव्हते. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) हे कास्टिंग आम्हाला शिरोलीच्या एका फाउंड्रीतून येत असे. त्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून आम्ही ते धारवाडच्या ग्राहकाकडे पाठवत असू. बेळगाव शहराच्या सखल वस्त्यांतही पाणी शिरले होते, पण धारवाडकडची वाहतूक सुरू होती आणि ग्राहकाची असेंब्ली आमच्या मालाची वाट पाहत होती. खरेदी आणि डिस्पॅच ही दोन्ही कामे माझ्याकडे असल्यामुळे सकाळचा पहिला फोन मलाच आला.

बेळगावात फाउंड्र्यांना तोटा नाही. अडचण पॅटर्नची होती. ज्या पॅटर्नवरून साचा घालायचा तो ग्राहकाच्या मालकीचा अॅल्युमिनियमचा पॅटर्न शिरोलीत पाण्यापलीकडे होता. नवा पॅटर्न एका दिवसात होत नाही. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, तेवढे माप वाढवून पॅटर्न घडवावा लागतो, आतल्या पोकळीसाठी कोअरबॉक्स वेगळा करावा लागतो, आणि नमुन्याचे कास्टिंग तपासल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

त्या वेळी मला आमच्या मागच्या गल्लीतील वयस्कर पॅटर्नमेकर आठवले. सगळे त्यांना मामा म्हणतात. आमचे पॅटर्न ग्राहकाकडून येत असल्यामुळे त्यांना काम देण्याचा प्रसंग मला कधी आला नव्हता. तरीही सकाळच्या चहाला आम्ही एकाच टपरीवर भेटत असू, आणि कामाच्या बाकावर सध्या काय चालू आहे, लाकूड कोणते वापरले, हे मी त्यांना विचारत असे. ते आनंदाने दाखवत. असेच एकदा त्यांनी माळ्यावरचे एका पंपबॉडीचे लाकडी पॅटर्न दाखवले होते. ते आमच्याच भागाचे आहे हे मी तेव्हाच ओळखले होते, पण त्याचा उपयोग होईल असे दोघांच्याही मनात नव्हते.

मी भिजतच त्यांच्याकडे गेलो. मामा म्हणाले, "हाय की, माळ्यावरच हाय. कोअरबॉक्सबी हाय." मी आधी एकच गोष्ट विचारली, यात दुहेरी माप तर धरलेले नाही ना? अॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतण्यासाठी केलेल्या लाकडी मास्टरमध्ये दोन्ही धातूंच्या आकसण्याचे माप धरलेले असते, त्यामुळे त्यावरून थेट बीड ओतले तर कास्टिंग मोठे येते. मामांनी समजावले, "ह्यात डबल माप न्हाई. पहिलं सॅम्पल ह्याच्यावरच काढलेलं, अॅल्युमिनियमचं मागनं झालं." कॅलिपर घेऊन आम्ही दोघांनी ड्रॉइंगवरून महत्त्वाची मापे पडताळली. एका कडेचा फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, झिजला होता, तो मामांनी तिथल्या तिथे मेणाने भरला.

पॅटर्न मामांच्या माळ्यावर असले तरी डिझाइन ग्राहकाचे होते. धारवाडच्या खरेदी अधिकाऱ्यांना मी फोन करून सगळे जसेच्या तसे सांगितले: फाउंड्री बदलेल, पॅटर्न जुने लाकडी असेल, साचे हाताने घातले जातील. ते थोडा वेळ थांबले आणि मग अटी घालून हो म्हणाले. धातू आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणे एफजी २६० प्रतीचाच हवा, टेस्ट बारची (चाचणीसाठी ओतलेल्या कांडीची) ताणशक्ती २६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या खाली नको, आणि रासायनिक तपासणीचा अहवाल मालासोबत हवा.

बेळगावजवळच्या मच्छे येथील ज्या फाउंड्रीमालकांकडे मी गेलो ते कन्नडभाषक आहेत आणि त्यांची माझी ओळख वजनकाट्यावरची आहे. गाड्यांची रांग लागली की तिथे बराच वेळ उभे राहावे लागते. त्या रांगेत त्यांनी एकदा कोल्हापूरहून आलेले मराठी पत्र माझ्याकडून वाचून घेतले होते, आणि पुढे आमच्या दारावर लागलेली एक कन्नड नोटीस मी त्यांच्याकडून समजून घेतली होती. सीमाभागात अशी देवाणघेवाण रोजची असते, आणि मला ती फार मोलाची वाटते.

मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "या, या, मोल्डिंगचा फ्लोअर मोकळाच आहे." कोल्हापूरला जाणारा त्यांचा तयार माल आवारात अडकून पडला होता, म्हणून नवे साचे घालणे त्यांनी थांबवले होते. दर मी आधी ठरवून घेतला, आणि हातमोल्डिंगला जास्त मजुरी पडते म्हणून तो नेहमीपेक्षा अधिकच ठरला. ओळख आहे म्हणून भाव पाडून मागणे मला पटत नाही. त्या माणसाने आपली निकड ओळखून गैरफायदा घेतला नाही, एवढेच पुष्कळ असते.

संध्याकाळपर्यंत पॅटर्न आणि कोअरबॉक्स मच्छेला पोहोचले. मामा स्वतः टेम्पोतून बरोबर आले आणि मोल्डरला पॅटर्न कोणत्या बाजूने ओढायचे ते दाखवेपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी ओतकाम झाले. पहिला नग आमच्या मशिनवर साफ उतरला, टेस्ट बार पास झाला, आणि रस्ता खुला होईपर्यंत धारवाडची असेंब्ली अडली नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीला मी त्याच संध्याकाळी फोन करून काय केले ते सांगितले होते. पाणी ओसरल्यावर नियमित ऑर्डर त्यांच्याकडेच परत गेली, कारण मशिन मोल्डिंगचा वेग आणि एकसारखेपणा आम्हाला हवाच होता. पुढे त्यांना एका पॅटर्नच्या दुरुस्तीसाठी कुशल हात हवा होता, तेव्हा मी मामांचे नाव सुचवले. महाराष्ट्रातून कर्नाटकात जॉबवर्कसाठी माल पाठवताना किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल (जीएसटीखालील माल वाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र) लागते, हे मामांना ठाऊक नव्हते. पाठवणाऱ्याकडून डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल आधी काढून घ्यायला मी त्यांना सांगितले, आणि पहिल्या खेपेची कागदपत्रे त्यांच्याबरोबर बसून तपासून दिली.