माझा अनुभव: ड्रायव्हर राहिला बाजूला, लॅपटॉपच लॉक

कोणीही तुमच्या लॅपटॉपचं बायोस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला घेतलं ना, की आधी त्याचा हात धरा आणि विचारा, बिटलॉकरचं, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याचं काय? हे मी शेवटी लिहिणार होते, पण राग अजून गेलेला नाही म्हणून आधीच लिहिते.

तर मी ठाण्यात, कळव्याला राहते, लग्नाच्या शूटचं एडिटिंग घरून करते. लॅपटॉप माझ्या भाच्याचा जुना, गेमिंगवाला, त्यात इंटेलचं साधं ग्राफिक्स आणि एनव्हिडियाचं वेगळं कार्ड असं दोन्ही. एका सकाळी बघते तर रात्रीत विंडोजने अपडेट मारलेला आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणतंय कार्डच सापडत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियाला पिवळा त्रिकोण, कोड 43, म्हणजे कार्डात गडबड आहे म्हणून विंडोजने ते बंद केलंय. स्क्रीन मात्र मस्त चालू, कारण ती इंटेलवर चालत होती. जुन्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) परत जायचं रोल बॅकचं बटण असतं तेही फिकट, दाबलंच जाईना. शनिवारी कल्याणच्या पार्टीला हळदीचा व्हिडिओ द्यायचा होता. मला धीर कुठला, उचलला आणि स्टेशनजवळच्या दुकानात नेला.

त्या भाऊंनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ताई, बायोस जुनं आहे, मारून देतो." 800 रुपये. मी भाजी घेऊन परत आले तोवर पेन ड्राइव्ह लावून काम उरकलेलं, आणि समोर बिटलॉकरची निळी स्क्रीन, 48 आकडी रिकव्हरी की टाका.

"ताई, पासवर्ड सांगा."

"कसला पासवर्ड?"

"तुम्हीच टाकला असणार."

मी कधी काय टाकलं! आणि मग किती सहज म्हणाले, फॉरमॅट मारू, डेटा जाईल फक्त. फक्त! तीन लग्नं होती त्यात.

घरी येऊन मोबाईलवर वाचलं तेव्हा कळलं. विंडोजच्या होम एडिशनमध्येही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, गुपचूप चालू होतं. डिस्कचं कुलूप टीपीएम नावाच्या चिपशी बांधलेलं असतं आणि बायोस बदललं की त्या चिपला वाटतं मशीनशी कोणीतरी छेडछाड केली. कंपनीचा अपडेट विंडोजच्या आतून चालवला तर बहुतेक वेळा तोच बिटलॉकर तात्पुरता थांबवतो, पण पेन ड्राइव्हने थेट मारलं तर ते आपणच आधी थांबवायचं असतं. हे दुकानात रोज दहा लॅपटॉप उघडणाऱ्या माणसाला माहीत नसावं? असो. आणि की नसेल तर मायक्रोसॉफ्टवालेही ती बनवून देऊ शकत नाहीत, हे वाचल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

माझ्या अकाउंटमध्ये बघितलं, काहीच नाही. बरोबरच आहे, लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता भाच्याने, त्याच्या अकाउंटने. आणि भाचा ऐरोलीला नाइट शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. रात्रभर मी ती निळी स्क्रीन चालू ठेवून बसले, उगाच, बंद केली असती तरी चाललं असतं.

सकाळी सात वाजता त्याचा फोन. "मावशी, आधी स्क्रीनवरचा की आयडी वाच, पहिली आठ अक्षरं." त्याच्या अकाउंटला तीन मशीनच्या की होत्या, त्यातली आपली कुठली हे त्या आयडीवरून जुळवायचं. मग तो आकडे सांगतोय, सहा-सहाचे आठ गट, मी गॅसच्या बिलाच्या मागे लिहितेय, आणि लोकलच्या आवाजात पाचव्या गटात माझा घोळ झाला. तेव्हा त्याने भारी गोष्ट सांगितली, प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो. कॅल्क्युलेटर घेतला, पाचव्याला भाग जाईना. परत विचारलं तर दोन आकडे मी उलटे लिहिलेले. टाकलं, एंटर, गोल फिरलं, आणि माझा गणपतीचा वॉलपेपर आला. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

पिवळा त्रिकोण? तिथेच! बायोसचा काही संबंधच नव्हता.

ते काम मग अर्ध्या तासात झालं. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा जुना ड्रायव्हर आधी उतरवून ठेवला, वायफाय बंद केलं (नाहीतर मध्येच विंडोज स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं), सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालतं तो मोड) डीडीयू नावाच्या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरने एनव्हिडियाचा सगळा कचरा साफ केला, मग जुना टाकला. त्रिकोण गायब. हां, सेफ मोडमध्ये जातानाही कधीकधी तीच की मागतात, म्हणून ती हातात असल्याशिवाय जाऊ नका. आणि रिस्टोर पॉइंट (बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला परत नेता येतं तो) आधी बनवा, मी विसरले होते.

बायोस खरंच करायचंच असेल तर चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना. आमच्याकडे शुक्रवारी लाइट जाते, त्या दिवशी तर नावच काढू नका. मध्ये स्क्रीन काळी होते, पंखा जोरात फिरतो, घाबरून बटण दाबायचं नाही.

रिकव्हरी की आता वहीत नीट लिहून कपाटात ठेवलीये. आधी ते गॅसचं बिल मी लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवलं होतं, भाचा ओरडला.