सहीचा रकाना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि मैदानावरची पदके यांविषयी माझे वर्गमित्र माझ्यापेक्षा चांगले लिहितील, हे मला ठाऊक होते. मला लिहायचे आहे ते एका प्रगतिपुस्तकाविषयी आणि सैन्यातल्या माणसांच्या मुलांचे म्हणणे आपल्या शाळेने ज्या रीतीने ऐकून घेतले त्याविषयी.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सैन्याच्या एएससीमध्ये, म्हणजे रसद पुरवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होते. आमचे मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात आहे. त्या भागात आणि चंदगड, आजरा, भुदरगडकडेही फौजेत माणूस असलेली घरे शोधावी लागत नाहीत. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावामागे तर ‘सैनिक’ हा शब्द कायमचाच लागला आहे. अण्णांच्या बदल्यांमागे फिरून मुलांच्या शिक्षणाची आबाळ होऊ नये म्हणून आईने आम्हा दोघा भावंडांना घेऊन कोल्हापुरातल्या टेंबलाईवाडीत एक खोली भाड्याने घेतली आणि मी पाचवीपासून आपल्या शाळेत येऊ लागले.

मी सहावीत गेले ते १९९९ चा जून महिना. शाळा सुरू झाली त्याच सुमारास, १३ जूनला, तोलोलिंगचे शिखर आपल्या सैन्याने परत घेतले होते आणि कारगिलखेरीज दुसरा विषय कोणाच्या तोंडी नव्हता. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग दिनविशेष व ठळक बातम्या असा क्रम असे. त्या दिवसांत ठळक बातमी एकच असायची, आणि वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी खणखणीत आवाजात कालच्या दिवसात किती जवानांना वीरमरण आले ते वाचून दाखवायचा. अण्णांचे शेवटचे पत्र मे महिन्यात आले होते. पत्त्यात ठिकाणाच्या जागी नेहमीप्रमाणे ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ (लष्करी टपाल कार्यालय) एवढेच होते, म्हणजे ते नेमके कोठे आहेत हे आम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता. परिपाठाची घंटा झाली की माझ्या पोटात कळ यायची, इतकी की उभे राहणे अवघड व्हावे. आईने ओवा दिला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कळ काही थांबली नाही.

आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी पहिले काही दिवस मला काहीच विचारले नाही. एके दिवशी परिपाठाच्या आधी त्या म्हणाल्या, ‘खडूचा डबा आणायला चल गं माझ्याबरोबर.’ कार्यालयापर्यंतचा तो लांब व्हरांडा आम्ही दोघी काही न बोलता चाललो. परत येताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि त्या खिडकीपाशी थांबल्या. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, ‘बाई, मला त्या बातम्या ऐकायला नको वाटतात.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या. ‘सैनिकाच्या मुलीने असे घाबरायचे नसते’ हे वाक्य मी त्याआधी नातेवाइकांकडून आणि शेजाऱ्यांकडून इतक्या वेळा ऐकले होते की बाईही तेच म्हणतील, असे मी धरूनच चालले होते. त्या तसे म्हणाल्या नाहीत. पुढच्या सोमवारपासून युद्धाच्या बातम्या परिपाठात वाचल्या गेल्या नाहीत. ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर वर्तमानपत्र लावले जाऊ लागले. ज्याला वाचायचे त्याने तेथे जाऊन वाचावे, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. कोणामुळे हा बदल झाला ते कोणालाही सांगितले गेले नाही, आणि या न सांगण्याचे मोल मला आज त्या बदलाइतकेच वाटते.

आमच्या एका तुकडीतच फौजी घरातली चार मुले होती. शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. शाळा सुटल्यावर बाई चित्रकलेची खोली उघडून बसत आणि आम्ही तेथे पत्रे लिहीत असू. पहिल्याच शनिवारी त्यांनी हातातले लाल पेन आमच्या देखत कपाटात ठेवले आणि सांगितले, ‘ही पत्रं मी तपासणार नाही, वाचणारही नाही. पाकीट तुम्हीच चिकटवायचं.’ काही जण लिहीत, काही जण नुसतेच बसून राहत, आणि लिहिता लिहिता कोणी बोलू लागले तर बाई हातातले काम बाजूला ठेवत. वडील कोठे आहेत, हे त्यांनी आम्हाला कधीही विचारले नाही. ते सांगायचे नसते, असे घरी बजावलेले असते, आणि शिक्षकांनी विचारले तर खोटे तरी बोलावे लागते किंवा गप्प तरी बसावे लागते. ही अडचण ‘माझे वडील’ या विषयावर निबंध घालणाऱ्या अनेकांच्या लक्षात येत नाही.

त्या चौघांतला एक मुलगा त्याच वर्षी दिवाळीनंतर जबलपूरहून आला होता. सहावीपर्यंत त्याच्या चार शाळा झाल्या होत्या. आधीच्या एका शाळेने दाखला वेळेत पाठवला नव्हता, आणि गावातल्या दुसऱ्या एका शाळेने तो आल्याखेरीज वर्गात बसू दिले नव्हते. आपल्या कार्यालयातल्या लिपिकांनी मात्र ‘दाखला येईल तेव्हा येईल, पोरगं बसू दे वर्गात’ असे म्हणून त्याचे नाव तात्पुरते लिहून घेतले. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पुढे देशभर लागू केले. आपल्या शाळेत ते दहा वर्षे आधी घडले होते, हे या स्मरणिकेत नोंदवलेच पाहिजे. त्या मुलाची खरी अडचण निराळीच होती. चौथीचा शिवाजी महाराजांचा इतिहास त्याने वाचलाच नव्हता, आणि कोल्हापुरात हे माहीत नसणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. मुले त्याला हसली. इतिहासाच्या सरांनी त्याला चौथीचे पुस्तक आणून दिले, आणि पन्हाळ्याच्या सहलीत सिद्दी जौहरचा वेढा व बाजीप्रभूंची कथा सांगून झाल्यावर त्याला पुढे बोलावून म्हणाले, ‘आता तू नर्मदेचं सांग.’ भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नाव कशी जाते, हे तो हिंदी-मराठी मिसळून अर्धा तास सांगत होता. त्यानंतर त्याला कोणी हसले नाही.

सगळ्या फौजी मुलांना एकच गोष्ट हवी असते, असे मात्र नाही. युद्ध संपल्यावर १५ ऑगस्टला जवानांच्या मुलांचा व्यासपीठावर सत्कार करावा, असे ठरत होते. बाईंनी आम्हाला एकेकाला बाजूला घेऊन विचारले. मी नको म्हणाले, तर त्यांनी कारण विचारले नाही. आमच्या तुकडीतला दुसरा एक मुलगा आनंदाने तयार झाला, आणि त्या दिवशी तो ज्या ऐटीने व्यासपीठावर उभा होता ते पाहून मलाही आनंद झाला. आजही ध्वजदिनाला, ७ डिसेंबरला, अशा मुलांना पुढे बोलावले जाते. बोलवावे, पण आधी विचारून बोलवावे, एवढीच माझी विनंती आहे.

आता प्रगतिपुस्तकाविषयी. ऑगस्टमध्ये अण्णांचे पत्र आले होते आणि माझ्या पोटातली कळ थांबली होती. दिवाळीनंतर सहामाहीचा निकाल मिळाला. पालकांची सही घेऊन आठ दिवसांत प्रगतिपुस्तक परत करायचे असा नियम होता, आणि आई नेहमी सही करीत असे. या वेळी अण्णांची सही हवी, असे मी बाईंना सांगितले. बाईंनी मोठे पाकीट आणले आणि मी पत्ता सांगत गेले, त्या लिहीत गेल्या: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, ५६ ए.पी.ओ. मला तो पाढ्यासारखा पाठ होता. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते, ‘वर्गात कमी बोलते, लिहिते मनापासून. गणिताकडे लक्ष हवे.’

मी गेली पंधरा वर्षे टपाल खात्यात काम करते आहे, त्यामुळे ते पाकीट कोणत्या वाटेने गेले असेल हे आज मला सांगता येते. ५६ ए.पी.ओ.चे टपाल दिल्लीच्या लष्करी टपाल केंद्रात जाते, तेथे युनिटप्रमाणे निवडले जाते आणि युनिट जेथे असेल तेथल्या फील्ड पोस्ट ऑफिसकडे रवाना होते. त्याच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. तेव्हा मला एवढेच दिसत होते की सगळ्यांची प्रगतिपुस्तके बाईंच्या कपाटात परत आली आहेत आणि माझी जागा रिकामी आहे. बाईंनी ती जानेवारीच्या अखेरीपर्यंत रिकामी ठेवली. पाकीट आले तेव्हा सहीच्या रकान्यात अण्णांची सही होती, खाली बारीक अक्षरात ‘गणित सुट्टीत घेतो’ असे लिहिले होते आणि कडेला ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता. श्रीनगर-लेह रस्त्यावर द्रासच्या बाजूला तोफांच्या माऱ्यात दिवे बंद ठेवून रात्री गाडी हाकावी लागे, हे त्यांनी आम्हाला पुष्कळ वर्षांनी सांगितले.

मार्चमध्ये ते सुट्टीवर आले. वडील परत आले की सगळे सुरळीत होते असे लोकांना वाटते, परंतु माझे तसे झाले नाही. ते पहाटे पाचला उठून अंथरुणांच्या घड्या घालीत, आम्ही मांडलेली भांडी पुन्हा मांडीत, आणि जवळ बसले की मला काय बोलावे ते सुचत नसे. शनिवारी मी बाईंना म्हणाले, ‘अण्णा आल्यापासून मला घरात परक्यासारखं वाटतंय.’ त्या म्हणाल्या, ‘त्यांनाही वाटत असेल. गणिताची वही घेऊन बस त्यांच्यापुढं.’ मी बसले. अपूर्णांकांपासून आमचे बोलणे सुरू झाले. ते परत गेल्यावर पंधरा दिवस माझे कशातही लक्ष नव्हते, आणि त्या पंधरवड्यातली चाचणी बाईंनी माझ्याकडून नंतर घेतली.

आता मोबाईल आहेत, त्यामुळे ही अडचण राहिली नसेल, असे काही शिक्षक मला म्हणतात. माझ्या भावाची मुलगी आज चौथीत आहे आणि तोही सैन्यात आहे. आम्ही पत्राची वाट पंधरा-पंधरा दिवस पाहत असू आणि त्या वाट पाहण्याची सवय होती. तिला काल रात्री बाबांचा चेहरा दिसलेला असतो, आणि आज फोन लागला नाही की उद्या सकाळी ती दप्तर घेऊन दारातच थांबते. तिच्याबरोबर खडूचा डबा आणायला जाणारे कोणीतरी तिच्या शाळेत असावे, असे मला फार वाटते.

महोत्सवानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनासाठी माझे सहावीचे प्रगतिपुस्तक सोबत देत आहे. ग्रीसचा ठसा पुसट झाला आहे, तरी काच ठेवताना कृपया त्यावर चिकटपट्टी लावू नये. प्रदर्शन संपल्यावर ते परत मिळावे. अण्णांनी ते दोनदा मागितले आहे.