रिपोर्टवर ३.२, पण गोळी कुठली चालू आहे?

पीएसए म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं एक प्रथिन; ते वाढलं की प्रोस्टेट कॅन्सरची शंका घेतात. त्याचा रिपोर्ट हातात पडला की माणसं आधी उजवीकडचा रकाना बघतात : ० ते ४. आपला आकडा त्यात बसला की कागदाची घडी होऊन खिशात. बडोद्यात दांडिया बाजारच्या लॅबमध्ये मी रक्त घेते, रिपोर्ट देते. तो कागद खिशात जायच्या आत मला एकच विचारायचं असतं, काका, प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?

साठी ओलांडलेल्या कितीतरी पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड दिलेलं असतं. या औषधानं प्रोस्टेट आक्रसतं आणि सहा महिने-वर्षभरात रक्तातला पीएसए साधारण निम्म्यावर येतो. आत कॅन्सर असला तरीही. केस गळू नयेत म्हणून घेतात त्या कमी डोसच्या फिनास्टेराइडनंही तो उतरतो. लघवीची वाट सैल करणाऱ्या नुसत्या टॅमसुलोसिननं उतरत नाही, पण पुष्कळदा दोन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये असतात आणि पेशंटला ती फक्त 'रात्रीची गोळी' म्हणून ठाऊक असते. मशीनला तर तेवढंही ठाऊक नसतं.

माझ्या मामाचं असंच होतं. वय ७१, अशी कॅप्सूल बरीच वर्षं चालू, पीएसए ३.२. "नॉर्मल आहे ना गं?" म्हणाला. मी म्हटलं, मामा, तुझा आकडा ६.४ धरायचा आणि युरॉलॉजिस्टला दाखवायचं. मामा चिडला. त्रास काहीच नव्हता, मग डॉक्टर कशाला? पण सुरुवातीचा प्रोस्टेट कॅन्सर बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. रात्री चार वेळा उठावं लागतं ते बहुधा वयानं वाढलेल्या साध्या ग्रंथीमुळे. मामीनं गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली आणि त्याला घेऊन गेली.

उलटही होतं, तेही सांगायला हवं. लघवीला इन्फेक्शन झालं, नुकताच कॅथेटर घातला, की पीएसए कॅन्सर नसताना चढतो. तेव्हा घाबरून लगेच बायोप्सीकडे धावू नये. इन्फेक्शन बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावं.

मामाच्या एमआरआयमध्ये डाग दिसला, बायोप्सीत कॅन्सर निघाला; तो किती आक्रमक ते सांगणारा ग्लीसन आकडा ३+४, म्हणजे ७ आला. हाडांत पसरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही समजावलं. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा काही काळ सुटू शकतो; रेडिएशनमध्ये लघवीला आणि शौचाला जळजळ होते; पुरुषपणावर दोन्हींचा परिणाम होऊ शकतो. हे शेवटचं मामानं विचारलं नाही, मामीनं विचारलं. मला तिचा फार अभिमान वाटला. मामानं रेडिएशन घेतलं, सोबत सहा महिने हॉर्मोनची इंजेक्शनं. अंगातून वाफा निघायला लागल्या तेव्हा मामी म्हणाली, "आता कळलं ना, मला काय व्हायचं?"

ग्लीसन ६ असता तर कदाचित काहीच करावं लागलं नसतं. नुसती नजर ठेवायची : ठरावीक काळानं पीएसए, मधूनमधून एमआरआय, लागली तर पुन्हा बायोप्सी. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, कुठल्याही गटात १५ वर्षांत या कॅन्सरनं दगावलेले शंभरात तीनच्या आसपास होते. मात्र ते सगळे ग्रंथीबाहेर न पसरलेल्या आजाराचे पेशंट होते. कॅन्सर हाडांत पसरल्यावर कंबरदुखी घेऊन उशिरा येणाऱ्यांना हा आकडा लावू नये.

मामाला सर्वांत जड गेलं ते पुण्यातल्या मुलाला सांगणं. पण वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर असला तर धोका साधारण दुप्पट होतो. आईकडच्या घराण्यात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर असला तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं. बाकीच्यांनी पन्नाशीला हा विषय डॉक्टरांकडे काढावा, अशा घरातल्यांनी पंचेचाळिशीलाच. मुलगा ४६ चा आहे. शेवटी फोन मामीनं लावला आणि मामाच्या हातात दिला. मुलगा त्याच आठवड्यात रक्त देऊन आला. फॉर्मवर औषधांच्या रकान्यात त्यानं केसांची गोळी लिहिली होती.