उपासाला न चालणारा टोमॅटो

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे सोलापुरात एकादशीचा धाक जरा जास्तच. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचं कूट पडतं, बटाटा पडतो, हिरवी मिरची पडते. टोमॅटो मात्र टोपलीतच राहतो. "ते उपासाला चालत नाही," असं आईला तिच्या सासूने सांगितलं, आम्हाला आईने. का चालत नाही, ते दोघींनीही सांगितलं नाही.

खरं तर ही सगळी मंडळी एकाच बाजूची. शेंगदाणा, बटाटा आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतले, मिरची मेक्सिकोकडची. टोमॅटोचे रानटी भाऊबंद पेरू-इक्वेडोरकडचे. त्याची रीतसर लागवड मेक्सिकोत वाढली आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तिथेही अनेकांनी तो बरीच वर्षं विषारी म्हणून दूरच ठेवला, कारण कूळ धोतऱ्याचं. बरं, त्याच कुळात बटाटा आहे, मिरचीही आहे. ते दोघे सोवळ्यात आणि हा एकटा ओवळ्यात, हा निवाडा कुणी केला कोण जाणे!

पचायला म्हणाल तर पिठूळ खिचडीपेक्षा हाच हलका. १०० ग्रॅम टोमॅटोत ९४-९५ ग्रॅम पाणीच, उष्मांक जेमतेम १८. थोडं क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम. लाल रंग लायकोपिनचा, आणि ते कच्च्यापेक्षा तेलात शिजवलेल्या टोमॅटोतून अंगी जास्त लागतं. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तूरडाळीत टोमॅटो शिजवून, वर लसणाची फोडणी देऊन पप्पू करतात, ते चवीलाच नाही, हिशेबालाही बरोबर. शिजवताना क जीवनसत्त्व थोडं जातं, जाऊ दे.

माझा जीव मात्र कच्च्या, हिरव्या टोमॅटोच्या चटणीत. लायकोपिनच्या नावाने तिथे जवळजवळ शून्य, पण आंबटपणा काय! टोमॅटोच्या फोडी, मिरच्या आणि लसूण तेलात डाग पडेपर्यंत परतायचे, भाजलेले शेंगदाणे, थोडे तीळ आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचायचं. सोबत ज्वारीची कडक भाकरी. (ज्वारी तरी आपलीच ना, असं विचारू नका, तिचं माहेर आफ्रिकेत.) खलबत्ता नसेल तर मिक्सर चालेल, पण बटण एकदाच दाबून सोडायचं. दाणे दाताखाली आले नाहीत, तर ती चटणी आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.