ट्रॅव्हलरच्या टपावरची वीज: बामणोली ते म्हसवड

व्हॅनमध्ये राहायचं ठरलं की जो तो आधी सौर पॅनेल बघायला धावतो. मी आधी खपाचा हिशोब मांडला. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा, दिवसाला दहा तास चालतो असं धरलं तर ४५० वॅट-अवर (वॅट गुणिले तास). २८ वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे २२४. दिव्यांचे ५०, मोबाइल-लॅपटॉपचे १५०. बेरीज पावणेनऊशेच्या आसपास. त्यावरून १६५ वॅटची दोन पॅनेलं आणि बारा व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी ठरली. ती ८० टक्के वापरली तरी उन्हाशिवाय दोन दिवस निघतात.

पॅनेलं टपापासून दोन बोटं वर बसवली. खालून वारा खेळायलाच हवा, कारण पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला जवळपास ०.४ टक्के वीज घटते, आणि साताऱ्याच्या पूर्वेकडच्या माणदेशात एप्रिलमध्ये ते साठीपार सहज जातं.

खरा वेळ वायरिंगला द्यावा. फ्रिज चार अँपिअर ओढतो. बॅटरीपासून अंतर पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. घरातली दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो. त्यात कॉम्प्रेसर सुरू होताना करंट उसळतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि फ्रिज बंद होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दोष मात्र बॅटरीला! मी चार स्क्वेअरची ओढली, त्यात घट ०.२ व्होल्टच्या आत राहते. मल्टिमीटर लावायचा तो फ्रिजच्या टर्मिनलवर, आणि फ्रिज चालू असताना. लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, हातोडीने ठोकू नये, क्रिम्परने दाबून जोरात ओढून बघावी.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १०० अँपिअरचा डीसी फ्यूज, पुढे २५ स्क्वेअरची वायर. घरचा एसी एमसीबी इथे लावू नका. डीसी करंट एसीसारखा मध्येच शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी विझत नाही.

पावसाळ्यात बामणोली, कास, महाबळेश्वरच्या धुक्यात हीच पॅनेलं दिवसाला कशीबशी शे-दोनशे वॅट-अवर देतात. तिथे पॅनेलं दुप्पट करूनही भागत नाही, त्यापेक्षा गाडी हलवावी. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड हा पट्टा पर्जन्यछायेत, ऊन बरंच मिळतं. गाडीच्या अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राची, वीज बॅटरीत बेताने भरणाऱ्या ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने वाटेतच तासाला जवळपास ४०० वॅट-अवर बॅटरीत जातात. अल्टरनेटरला थेट जोडलं तर रिकामी लिथियम बॅटरी करंट बेसुमार खेचते आणि गाडी उभी राहून चालू असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो.

मुक्काम मुरमाड माळावर करावा, तोही मालकाला विचारून. काळ्या रानात एका सरीत चाकं रुततात, आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर गाडी लावूच नये.