हात लावायचा नाही

पर्वरीला एका वास्तुशांतीला गेले होते. पंगती उठल्या, बायका आतल्या खोलीत पाठ टेकायला गेल्या आणि मी हॉलमध्ये सोफ्यावर पेंगत बसले. समोर भिंतभर शेल्फं, प्रत्येकावर एक छोटा दिवा आणि दिव्याखाली खेळणी. चन्नपट्टणची लाखेची आगगाडी, एकावर एक चढवायच्या रंगीत चकत्या, भोवरा, पोट सुटलेला हत्ती. सगळं इंटिरियरवाल्याने मांडून दिलेलं. घरातली दीड वर्षाची पोर खाली फरशीवर बसून कुकरची शिटी उलटसुलट करून बघत होती. वर मान करायची तिला गरजही वाटत नव्हती.

मला हत्तीची दया आली. चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं हलकं लाकूड चरकावर फिरवतात, त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतात. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी. जुने कारागीर रंगही झाडपाल्याचे वापरत, पोराने तोंडात घातलं तरी चालावं म्हणून. एवढा विचार करून केलेला हत्ती सात फुटांवर नेऊन ठेवायचा!

अर्थात, इंटिरियरवाल्याला तरी काय बोलायचं? खेळणी मांडून ठेवायची हौस आपल्याकडे त्याच्या आधीची आहे. चैत्रगौर बसली की आमची खेळणी सरकारजमा व्हायची. डबे पालथे घालून त्यावर पायऱ्या, वर आईची ठेवणीतली साडी, आणि पायऱ्यांवर आमचं भातुकलीचं जातं, बंब, लाकडी बैल, बाहुल्या. अक्षयतृतीयेपर्यंत. म्हणजे ऐन सुट्टीत! हळदीकुंकवाला आलेल्या बायका आंब्याची डाळ खात खात "किती गोड मांडलंय" म्हणायच्या, आणि आम्ही दारात उभे राहून स्वतःच्या चीजवस्तूंकडे परक्यासारखे बघत असू.

सावंतवाडीच्या फळांचं तर कधी ठरलंच नाही, की ती खेळणी की शोभा. बांद्यापलीकडे कोणीही गेलं की चितारआळीतून परडीभर लाकडी फळं यायची. आंबा, सीताफळ, बोंडूसकट काजू. आमच्याकडच्या पेरूवर दोन दात उमटलेले आहेत. आतेभावाचे. तो आता बँकेत मॅनेजर आहे आणि अजूनही म्हणतो, रंगाची चव बरी होती.

खेळणी मांडावीत ती आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरासारखी. नाताळात त्यांच्या अंगणात गोठा व्हायचा. गवताचं छप्पर, वाटीत पेरलेले नाचण्याचे हिरवे कोंब, आरशाचं तळं. तळ्यात प्लास्टिकची बदकं, काठावर ट्रॅक्टर, आणि तीन राजांच्या उंटांमागे लाल रंगाची जीप. कुणी म्हणालं नाही की बेथलेहेमात जीप कशी. मुलं खेळता खेळता तळ्यातलं बदक उचलायची, पुन्हा ठेवायची, राजे पडायचे, उठायचे. तिथे जाऊन बसलं की घरी यावंसं वाटायचं नाही, कारण घरी शोकेस होतं.

शोकेस तुम्हाला माहीत आहेच. सरकत्या काचा, मध्ये दातेरी पट्टीचं कुलूप, किल्ली आईच्या जुडग्यात. आत काचेच्या पेटीतला ताजमहाल, शिंपल्यांचा मोर, आणि बाकी सगळं मामाने कुवेतहून आणलेलं. डोळे मिटणारी बाहुली, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. तिच्या केसांना रबरबँड कंपनीनेच लावलेला. आणि झांजा वाजवणारं माकड. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विजार, दात विचकलेले, डोक्यावर टपली मारली की डोळे बाहेर काढून ची-ची करणारं. हे मला माहीत आहे कारण पाहुणे आले की आई माकड बाहेर काढायची, खालचं झाकण उघडून दोन सेल घालायची. माकड झांजा बडवायचं, सगळे पोट धरून हसायचे, मग आई सेल काढून घ्यायची. आत राहिले तर पाझरतील म्हणून. टपली मारायचा मान पाहुण्यांच्या मुलांचा. आमची पाळी कधी यायची? "तुमचंच आहे की ते," आई म्हणायची.

मामा दोन वर्षांतून एकदा यायचा. त्याच्या बॅगेचा वास अत्तराचा आणि नव्या प्लास्टिकचा. पुढच्या खेपेला रिमोटची गाडी कबूल झाली होती. 2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. त्यानंतर घरात रेडिओ बंद झाल्याचं मला आठवत नाही. तिथून सुमारे 1,70,000 भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणलं; त्यांत मामा होता. वाळवंटातून बसने जॉर्डन, तिथे तंबूत मुक्काम, मग मुंबई, आणि मुंबईहून रात्रीच्या गाडीने म्हापसा. हातात रेक्झिनची एक पिशवी, तिच्यात दोन शर्ट आणि कागदपत्रं. दाढी वाढलेली. आम्ही पिशवीकडे बघितलं ते त्याने बघितलं. आईने आम्हाला परसात पिटाळलं.

मामा परत गेला नाही. म्हापशाला दुकान टाकलं त्याने, नळ आणि पाइप फिटिंगचं. बरं चाललं.